तार तुटली म्हणजे चोरी नव्हे

२०२४ च्या दिवाळीतली गोष्ट. मुलगा, सूनबाई आणि अकरा वर्षांचा नातू पाडव्याच्या आदल्या दिवशी पुण्याहून आमच्याकडे कुरकुंभला आले. कपड्यांच्या पिशव्यांबरोबर गाडीतून जाड टॉवेलात नीट गुंडाळलेले एक यंत्रही उतरले. तो नातवाचा गेमिंग कन्सोल होता. पुण्यात अभ्यासामुळे त्याला त्याचा हात आठवड्यातून दोनच दिवस लागतो. आजोबांच्या घरी मात्र सुट्टीभर मोकळीक, असा करार बापलेकांत झालेला होता.

दोनच दिवस आधी गावाजवळ कसल्याशा खोदकामात जेसीबीचा दात लागून इंटरनेटची केबल तुटली होती. दिवाळीमुळे जोडणारी माणसेही सुट्टीवर. आम्हा दोघा म्हाताऱ्यांना त्याची फारशी झळ नव्हती. दिवे चालू होते, टीव्ही चालू होता. नातवाने यंत्र टीव्हीला जोडले, डिस्क आत सरकवली आणि पडद्यावर एक चक्र गोल गोल फिरू लागले. ते फिरतच राहिले. मग इंग्रजीत दोन ओळी उमटल्या.

"आबा, नेट नाही. गेम चालू होणार नाही," नातू म्हणाला.

"पण डिस्क घातलीस ना आत?"

"घातली. पण त्याला विचारावं लागतं."

"कोणाला?"

त्याने जरा विचार केला. "कंपनीला."

आता पुणे–सोलापूर महामार्ग आणि दौंड–बारामती रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, त्या आमच्या गावात 'कंपनी' म्हटले की रसायनांचा कारखानाच डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे स्वयंपाकघरातून त्याची आजी म्हणाली, "अरे बाळा, दिवाळीला कंपनी बंद असते." सगळे हसले. पोर मात्र हसले नाही.

मुलाने मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून पाहिला. तेव्हा यंत्राने सांगितले, की मधल्या काळात खेळाची नवी आवृत्ती आली आहे, ती आधी उतरवून घ्या. आकार चाळीस जीबी. मुलाच्या मोबाइलला दिवसाला दोन जीबी मिळतात. म्हणजे वीस दिवस. सुट्टी पाच दिवसांची. शेवटी यंत्र पुन्हा टॉवेलात गेले आणि आम्ही फिरंगाईच्या डोंगरावर जाऊन आलो. देवीचे दर्शन झाले, पोराचे पाय मोकळे झाले, तेही काही वाईट झाले नाही.

पण माझ्या डोक्यातून ते चक्र जाईना. खेळ एकट्याने खेळायचा होता. समोर दुसरा कोणी खेळाडू नव्हता. डिस्क पैसे मोजून घेतलेली, यंत्र घरचे, टीव्ही घरचा, विजेचे बिल माझ्या नावावर. आणि खेळू का, असे विचारायचे ते सातासमुद्रापलीकडच्या कुणाला तरी!

व्हिडिओ गेम हा विषय रविवारच्या पानावर एका निवृत्त माणसाने का काढावा, असे काही वाचकांना वाटेल. विषय पोरखेळाचा आहे, हे मान्य. पण माझी उमेदीची सारी वर्षे इथल्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यांत, इन्स्ट्रुमेंट विभागात गेली. यंत्राला निरोप कसा पोहोचतो आणि तो पोहोचला नाही तर यंत्राने काय करायचे, हाच माझा पोटापाण्याचा धंदा होता. त्या दिवशी टीव्हीपुढे बसल्या बसल्या माझ्या मनात पहिला विचार आला तो हा : हे यंत्र ज्याने आखले, त्याने आमच्या विभागात शिकाऊ म्हणून एक वर्ष काढायला हवे होते.

कारखान्यात टाकीतली पातळी, नळीतला दाब, भट्टीचे तापमान यांचा निरोप कंट्रोल रूमपर्यंत तारेतून विजेच्या प्रवाहाच्या रूपाने जातो. त्याची जगभर रूढ असलेली रीत म्हणजे ४ ते २० मिलिअँपिअर. टाकी भरली की २०, टाकी रिकामी असली की ४. नवा मुलगा हटकून विचारतो, "साहेब, रिकाम्या टाकीला शून्य का नाही?" याचे उत्तर आमच्या धंद्याचे सार आहे. रिकामी टाकी शून्य दाखवू लागली आणि तार तुटली तरीही शून्यच आले, तर दोहोंतला फरक कळणार कसा? म्हणून 'काही नाही' याचाही निरोप चारचा ठेवलेला असतो. प्रवाह चारच्या बराच खाली घसरला, की समजायचे टाकी रिकामी नाही, तार तुटली आहे. मग टाकी भरायला नव्हे, तार जोडायला माणूस धावतो.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची. कंट्रोल व्हॉल्व्ह बहुधा दाबाच्या हवेवर चालतात. ती हवाच गेली तर? व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग असते आणि ती त्याला एका ठरलेल्या बाजूला नेते. ती बाजू आराखडा करतानाच ठरवलेली असते. उष्णता निर्माण करणाऱ्या रिअॅक्टरच्या थंड पाण्याचा व्हॉल्व्ह हवा गेली की उघडतो. वाफेचा व्हॉल्व्ह हवा गेली की बंद होतो. एक उघडतो, एक मिटतो, पण दोन्ही निर्णय आतल्या माणसाच्या जिवाकडे पाहून घेतलेले असतात. शिवाय महत्त्वाच्या ठिकाणी हाताने फिरवायचे चाक असते. आणि मुंबईच्या मुख्य कार्यालयाशी संपर्क तुटला म्हणून कुरकुंभचा रिअॅक्टर थबकून उभा राहिला, असे कोणत्याही शहाण्या आराखड्यात होत नाही. हिशेब मुंबईला जातो. चालवण्याची अक्कल मात्र जागच्या जागी असावी लागते.

नातवाच्या यंत्राला हे दोन्ही धडे ठाऊक नव्हते. तार तुटलेली आहे आणि खेळणारा चोर आहे, या दोन गोष्टी त्याच्या लेखी सारख्याच होत्या. निरोप येत नाही म्हटल्यावर त्याची स्प्रिंग एकाच बाजूला जात होती. ती बाजू होती विकणाऱ्याच्या सोयीची.

कन्सोलला सदासर्वकाळ इंटरनेट लागावे की लागू नये, हा वाद नवा नाही. त्याचा मोठा भडका २०१३ साली उडाला. त्या वर्षी २१ मे रोजी मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स वन' जाहीर केला. पुढे अटी स्पष्ट झाल्या त्या अशा, की यंत्राने दर चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवरून कंपनीशी संपर्क साधला पाहिजे. तो झाला नाही तर खेळ खेळता येणार नाहीत, अगदी एकट्याने खेळायचे खेळसुद्धा नाहीत. विकत घेतलेला खेळ मित्राला देण्यावर आणि जुना विकण्यावरही बंधने येणार होती. ज्यांच्याकडे खात्रीचे इंटरनेट नाही त्यांचे काय, असे विचारले असता, त्यांच्यासाठी आमचे आधीचे 'एक्सबॉक्स ३६०' आहे की, अशा अर्थाचे उत्तर कंपनीच्या त्या विभागाचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांनी दिले. समुद्रात पाणबुडीवर किंवा परमुलखात छावणीत नोकरी करणाऱ्या सैनिकांचा प्रश्नही त्या वेळी पुढे आला होता.

त्याच जूनमध्ये सोनी कंपनीने आपल्या 'प्लेस्टेशन ४' ला अशी अट नसल्याचे भर प्रदर्शनात सांगितले आणि टाळ्या घेतल्या. मित्राला खेळ कसा द्यावा, हे शिकवणारी काही सेकंदांची एक चित्रफीतही सोनीने काढली. त्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्कची डबी देतो, संपले! गिऱ्हाइकांचा रोष इतका वाढला, की १९ जून २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने चोवीस तासांची अट मागे घेतली. घोषणेपासून माघारीपर्यंत महिनाही गेला नाही. गिऱ्हाईक एकमुखाने बोलले तर काय होऊ शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

मग प्रश्न मिटला का? नाही. तो पुढच्या दाराने गेला आणि मागच्या दाराने आला. आजचे मुख्य कन्सोल सतत इंटरनेट मागत नाहीत, हे खरे. पण त्यांतल्या काहींना पहिल्यांदा चालू करताना इंटरनेट लागतेच. डिस्कवर पुष्कळदा खेळ पुरता नसतो; उरलेला उतरवून घ्यावा लागतो. एकट्याने खेळायचे काही खेळही दर वेळी कंपनीच्या सर्व्हरला विचारूनच उघडतात. जून २०२५ मध्ये बाजारात आलेल्या निन्टेन्डोच्या 'स्विच २' साठी 'गेम-की कार्ड' नावाचा प्रकार निघाला. दुकानातून डबीतून आणलेल्या त्या कार्डात खेळ नसतोच, नुसती किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून उतरवायचा. मात्र तसे डबीवर समोरच छापलेले असते आणि एकदा उतरवल्यावर पुन्हा पुन्हा विचारावे लागत नाही, हे त्या कंपनीच्या बाजूने सांगितले पाहिजे.

सुरुवातीला मला वाटत होते, की हे गाऱ्हाणे आमच्यासारख्या गावांपुरते आहे. केबल तुटणे, वीज जाणे, पाऊस आला की टॉवर रुसणे, हे आमचे नेहमीचे. उद्या कुरकुंभला पुण्याइतके चांगले इंटरनेट आले की प्रश्न संपला. थोडे खोलात गेल्यावर कळले, की तसे नाही. मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी' हा शहर वसवण्याचा खेळ संगणकासाठी आला, तेव्हा त्यालाही सतत जोडणी लागत होती. पहिल्याच दिवसांत कंपनीचे सर्व्हर गर्दीने कोलमडले. ज्यांच्या घरी उत्तम इंटरनेट होते ते अमेरिकेतले लोकही पैसे भरून रांगेत ताटकळत बसले. जोडणीशिवाय हा खेळ चालवणे सोपे नाही, असे तेव्हा सांगण्यात आले. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, त्याच खेळाला जोडणीशिवाय खेळण्याची सोय करून दिली गेली.

एप्रिल २०११ मध्ये प्लेस्टेशनच्या जाळ्यावर घुसखोरी झाली. सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांना त्याची झळ बसली आणि ती सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीच सेवा पुन्हा जवळपास एक दिवस बंद पडली. तार गिऱ्हाइकाच्या टोकाला तुटते तशी ती विकणाऱ्याच्या टोकालाही तुटते. २०११ च्या त्या आठवड्यांत दूरच्या मित्राबरोबर खेळणे थांबले, पण ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचे एकट्याने खेळण्याचे बहुतेक खेळ चालूच राहिले. यंत्राला तेव्हा हाताने फिरवायचे चाक होते, म्हणून.

शिवाय तार मुद्दाम बंद केली जाते, हेही आपण पाहतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आरक्षणाच्या आंदोलनाच्या काळात जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत इंटरनेट काही तासांसाठी बंद ठेवण्यात आले होते. त्याची कारणे योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. अशा दिवशी पोरांनी घरात बसावे, असेच प्रत्येक आईबापाला वाटते. आणि नेमका त्याच दिवशी घरातला खेळ बंद!

आता दुसरी बाजू ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही.

पहिला मुद्दा चोरीचा. एक मोठा खेळ बनवायला शेकडो माणसे कैक वर्षे राबतात. त्याच्या बेकायदा प्रती निघाल्या तर त्यांच्या पोटावर पाय येतो. या बाबतीत आपण भारतीयांनी फार ताठ मानेने बोलू नये. १९९६ च्या दिवाळीला बोनस मिळाला तेव्हा मी याच मुलासाठी पुण्याहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. त्याच्याबरोबर एका कॅसेटमध्ये हजारो खेळ असल्याची जाहिरात होती. कॅसेट खाचेत बसवायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. पोरे तासन्‌तास खेळत. विदेश संचार निगमने आदल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ ला, देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले होते, पण कुरकुंभात ते कोणी पाहिलेले नव्हते. खेळाला त्याची गरजही नव्हती. त्या हजारो खेळांचे मोल मूळ कर्त्यांना मिळाले असेल काय, हा प्रश्न मात्र तेव्हा माझ्या मनाला शिवला नाही. आज शिवतो.

म्हणून विकणाऱ्याने एकदा खात्री करून घ्यावी, यात मला गैर वाटत नाही. नवी गाडी घेतली की तिची नोंदणी होते. पण दुकानदाराने रोज संध्याकाळी दाराशी येऊन "पावती दाखवा, मगच गाडी चालू होईल" म्हणावे, हे कोणी सहन करील काय? शिवाय कुलूप फोडणारा चोर पुष्कळदा ती तपासणीच काढून टाकतो. तेव्हा चोराच्या हाती जो खेळ पडतो तो विनाअडथळा चालतो आणि प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या हाती चक्र उरते.

दुसरा मुद्दा असा, की काही खेळ मुळातच अनेकांनी मिळून खेळायचे असतात. तिथे जोडणी हवीच. कबड्डीला समोर संघ लागतो. तो नाही म्हणून मैदानाला दोष देता येणार नाही. लबाडी पकडणे, चुका दुरुस्त करणे, खेळलेले सुरक्षित ठेवणे यांसाठीही इंटरनेटचा उपयोग होतो. हे सगळे मला मान्य आहे. माझा आक्षेप जोडणीच्या सोयीला नाही, तिच्या सक्तीला आहे.

तिसरा मुद्दा आमच्या शेजारच्या वहिनींचा. त्या म्हणाल्या, "बरंच झालं की भाऊ! नेट गेलं की पोरं आपोआप उठतात. तुम्ही कशाला त्यांची वकिली करता?" अनेक घरांतल्या आयांच्या मनातले त्या बोलल्या. पण मी त्यांना विचारले, "वहिनी, खेळ बंद करायची किल्ली तुमच्या कमरेला हवी की कंपनीच्या?" मूल किती वेळ खेळणार, हे आईबापांनी ठरवावे. जेसीबीने ठरवू नये.

उलट, आयांनीच ही मागणी आधी केली पाहिजे. इंटरनेटची जोडणी म्हणजे घराचे आणखी एक दार. त्या दारातून खेळाच्या नव्या आवृत्त्या येतात, तसे अनोळखी आवाज येतात, "एवढे पैसे भरा, नवे हत्यार मिळेल" असली आमिषेही येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. त्याआधी, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असे सांगितले. म्हणजे मुलांच्या बाबतीत हे दार जपून उघडावे, असे देशाचे कायदेच म्हणतात. मग ज्या आईला ते दार बंद ठेवून मुलाला तासभर मोटारगाडी पळवू द्यायची आहे, तिला "दार उघडे ठेवा, नाहीतर खेळ नाही" असे सांगणारे यंत्र कोणाच्या हिताचे?

आणखी एका वर्गाचा विचार करा. आमच्या गल्लीत एका खोलीत वसाहतीत कंत्राटावर काम करणारी चार पोरे राहतात. कोणी बिहारचा, कोणी लातूरकडचा. त्यांनी वर्गणी काढून एक जुना कन्सोल आणि चार-पाच डिस्क घेतल्या. रात्रपाळी संपवून आले की तासभर खेळतात आणि झोपतात. खोली भाड्याची, उद्या सोडावी लागेल, म्हणून केबलची जोडणी नाही. मोबाइलचा रिचार्ज घरी फोन करण्यापुरता. नवा मोठा खेळ चार-पाच हजार रुपयांना पडतो, तो त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. त्यांची सारी करमणूक दोन गोष्टींवर उभी आहे : जुनी वस्तू विकत मिळते आणि हातातून हातात जाते. आपण मराठी माणसे तर दिवाळी अंक वाचनालयातून आणून चार घरांत फिरवणारी. पुस्तक उघडताना प्रकाशकाची परवानगी लागली असती, तर आपल्यातले किती जण वाचायला शिकले असते?

यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत गंभीर वाटतो. तार तात्पुरती तुटते तशी ती कायमचीही तुटते. 'द क्रू' नावाचा मोटारींच्या शर्यतींचा एक खेळ युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये विकायला काढला. त्यात एकट्यानेही भरपूर खेळता येत असे, पण जोडणी सतत लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि ज्यांच्या घरात पैसे देऊन घेतलेली डिस्क होती, त्यांच्या हाती प्लॅस्टिकची चकती उरली. गुगलची 'स्टेडिया' ही सेवा तर सर्वस्वी इंटरनेटवर चालणारी. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, जानेवारी २०२३ मध्ये बंद पडली. गुगलने खेळांचे पैसे परत केले, हे त्यांनी चांगले केले. पण पैसे परत करणे हा त्यांचा निर्णय होता, गिऱ्हाइकाचा हक्क नव्हता.

'द क्रू' बंद झाल्यावर रॉस स्कॉट या गृहस्थांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची मोहीम सुरू केली. त्यांचे म्हणणे साधे आहे : सर्व्हर कायमचे चालवा असे आम्ही म्हणत नाही, ते बंद करताना विकलेला खेळ चालू राहील, अशी काही सोय मागे ठेवा. युरोपातल्या नागरिकांच्या अशा मागणीवर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. आणि 'द क्रू' च्या पुढच्या दोन खेळांना जोडणीशिवाय खेळण्याची सोय देऊ, असे युबिसॉफ्टनेच सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. म्हणजे हे अशक्य नव्हते. आराखडा करताना कोणी विचारले नव्हते, इतकेच.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू झाला आहे. तुम्ही गिऱ्हाइकाला वस्तू नव्हे, तर परत काढून घेता येईल असा वापराचा परवाना देत असाल, तर ते स्पष्ट न सांगता 'खरेदी करा' असे शब्द वापरायचे नाहीत. कायमचे उतरवून जोडणीशिवाय वापरता येणाऱ्या मालाला मात्र ही अट नाही. शब्दांपुरता का होईना, हा प्रामाणिकपणा आहे. आपल्याकडे ग्राहकाच्या हक्कांची भाषा परकी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले; देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ साली, आला. त्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यातही वस्तूची खरी माहिती मिळण्याचा ग्राहकाचा हक्क आहे. किराणा मालाच्या पुडीवर वजन आणि तारीख छापायला लावणाऱ्या आपल्या देशात, पाच हजारांच्या डबीवर "इंटरनेटशिवाय चालेल" किंवा "चालणार नाही" एवढे एक वाक्य ठळक मराठीत आणि इंग्रजीत छापायला लावणे अवघड नसावे.

तेव्हा माझे म्हणणे तीन गोष्टींत सांगतो. एकट्याने खेळायचा खेळ एकदा खात्री झाल्यावर जोडणीशिवाय चालला पाहिजे. जोडणी लागणारच असेल, तर पैसे घेण्याआधी तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. आणि सर्व्हर बंद करायचा दिवस येईल तेव्हा, विकलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या घरात निर्जीव करून जाता कामा नये. कारखान्यात याला आम्ही काही फार मोठी गोष्ट मानत नव्हतो. निरोप थांबला तर काय, हा प्रश्न विचारल्याशिवाय आमच्याकडे व्हॉल्व्हच्या कागदावर कोणी सही करत नसे.

कोणी म्हणेल, गेमसाठी एवढा खटाटोप कशाला? पण आज गेम आहे, उद्या शिलाई मशीन असेल, परवा शेतातला पंप. मोबाइलवरून चालू होणारे पंप आमच्या भागात आलेच आहेत. मोबाइलवरून चालू होतो ही सोय झाली. मोबाइलशिवाय चालूच होत नाही, असे होईल तेव्हा उभा ऊस आणि फिरणारे चक्र, दोन्ही बघत बसावे लागेल. सवय खेळण्यापासूनच लागते, मुलांनाही आणि कंपन्यांनाही.

केबल चौथ्या दिवशी जोडली गेली. पोरे त्याच दिवशी सकाळी पुण्याला निघून गेली होती.

पुढे नातवाच्या वाढदिवसाला एखादा खेळ घ्यावा म्हणून मी दौंडला एका दुकानात गेलो. दुकानदार तरुण, बोलायला गोड. मी म्हटले, "इंटरनेट बंद केलं तर यातला कुठला चालतो?"

"काका, असं आजवर कोणी विचारलं नाही," तो म्हणाला. मग जरा डोके खाजवून म्हणाला, "थांबा, बघूच."

त्याने दुकानातल्या यंत्राची जोडणी बंद केली आणि आपल्या जवळच्या वापरलेल्या तीन डिस्क एकेक करून लावून पाहिल्या. पहिली चालली. दुसरीला चक्र आले. तिसरी चालली, पण निम्माच खेळ उघडला. दुकानात आलेले दोन-तीन मुलगेही मान उंचावून बघत उभे राहिले.

मी पहिली घेतली. निघताना पाहिले, तो दुकानदार पेन घेऊन दुसऱ्या डबीच्या पाठीवर काहीतरी लिहीत होता.